तिसऱ्या फेरीतला धोंडू

माझ्या आधी घरात तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. म्हणून चौथ्याचं, म्हणजे माझं, नाव धोंडू ठेवलं. धोंड्याला कोण उचलून नेणार, हा त्यामागचा विचार. मृत्यूला वाचता येतं पण अक्कल बेताची, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानत आले असावेत. शाळेत घालताना वडिलांनी चारचौघांत शोभेल असं नाव लावलं आणि धोंडू फक्त आईच्या तोंडात उरला. आई गेल्यावर तोही संपला, असं मी धरून चाललो होतो. बत्तिसाव्या वर्षी तो मला अमेरिकेत, एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या तळघरात पुन्हा भेटला.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. संघाचं आणि शहराचं नाव सांगत नाही. शहर थंड होतं, नदीकाठी होतं, आणि संघ हरत असे, एवढं पुरे. मी संख्याशास्त्र शिकायला आलो होतो, डॉक्टरेट अर्धी टाकून एका कंप्युटर कंपनीत लागलो होतो. कंपनीने त्या संघाला एक यंत्र आणि त्यावरचा एक प्रोग्राम दिला होता, आणि तो चालवायला मला तिथे पाठवलं होतं. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. पायाचा उपयोग क्वचितच होणाऱ्या खेळाला फुटबॉल का म्हणतात, इथपासून सुरुवात होती. आमच्या साहेबांच्या मते हीच माझी लायकी होती. ज्याला खेळ कळत नाही तो मतं देत बसणार नाही.

तळघरातल्या त्या खोलीला सगळे ‘वॉर रूम’ म्हणत. खिडकी नाही, एक कॉफीचं यंत्र, आणि एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्र्याचा फळा. फळ्यावर लोहचुंबकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. युद्ध म्हणाल तर एवढंच. पण खेळाडू निवडण्याच्या विभागाचे मुख्य त्या खोलीत शिरताना आवाज खाली आणत आणि छाती वर नेत. कित्येक वर्षांत त्यांनी कोणाला काही शिकवलं नव्हतं, तरी सगळे त्यांना कोच म्हणत.

त्या फळ्यावर काय होतं ते सांगितलं पाहिजे. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी सगळे अठ्ठावीस संघ कॉलेजमधल्या खेळाडूंतून पाळीपाळीने एकेकाला निवडत. ज्याला निवडलं त्याने त्याच संघाकडे जायचं. अशा बारा फेऱ्या व्हायच्या. इथवर समजायला सोपं होतं. पण संघ आपली पाळीच दुसऱ्याला देऊन टाकू शकत. माझी या वर्षीची दुसरी फेरी घे, तुझी पुढच्या वर्षीची पहिली आणि त्यापुढच्या वर्षीची चौथी दे. त्यापुढच्या वर्षी चौथ्या फेरीत जो कोणी निवडला जाणार होता, तो या क्षणी कुठल्यातरी गावात जेवत असेल किंवा झोपला असेल. त्याला ठाऊकही नसताना दोन माणसं फोनवर त्याचा ठाव बदलत. त्याला अजून चेहरा नव्हता आणि तो दोनदा हस्तांतरित झालेला असे.

घरी हे सांगितलं तेव्हा बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतीच आली होती. बूट काढता काढता थांबली.

“म्हणजे तुमच्याकडे पाळ्यांची अदलाबदल चालते?”

“हो.”

“बरं आहे. माझी चुकलीय, कोणाकडून मिळते का बघ.”

अशी ती बातमी मला कळली. हसून झाल्यावर तिने दुसरा बूट काढला. ही तिची तिसरी खेप होती. पहिल्या दोन तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच संपल्या होत्या. दुसऱ्या वेळी आम्ही नाव ठरवून ठेवलं होतं. ते नाव त्यानंतर घरात कोणी उच्चारलं नाही, दुसऱ्या कोणाच्या मुलाचं असलं तरी.

यावेळी तिने नियम घालून दिले. पाचवा महिना लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. कपडे, पाळणा काही आणायचं नाही. नाव तर मुळीच काढायचं नाही, बाराव्या दिवसापर्यंत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघणारी बाई ती. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, “रक्तात काय काय दिसत नाही, ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहितेय.” पाळ्या विकण्याच्या त्या धंद्याला मात्र तिने लगेच नाव दिलं: पोटाला कुंकू लावणं. पूर्वी दोन गरोदर बायकांच्या पोटांना कुंकू लावून, न जन्मलेल्या मुलांची लग्नं ठरवत. “फक्त इथे कुंकू लावणारे सगळे पुरुष,” ती म्हणाली, “आणि पोट कुणाचंच नाही.”

आता त्या प्रोग्रामकडे येतो. ज्याने तो लिहिला त्याला रिकामी जागा सहन होत नसावी. पुढच्या वर्षीच्या एखाद्या पाळीची नोंद करायला गेलं की यंत्र विचारी, नाव? नाव असणंच शक्य नव्हतं, पण काही टाकल्याशिवाय ते पुढे जाईना. एका दुपारी चाचणी म्हणून मी पुढच्या वर्षीची आमची तिसऱ्या फेरीची पाळी उघडली आणि हाताला आली ती सहा अक्षरं टाइप केली. डी, एच, ओ, एन, डी, यू. यंत्राचं समाधान झालं. तिसरीच फेरी का, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात कंपनीने प्रोग्राम दुरुस्त केला, रिकाम्या जागा रिकाम्या राहू लागल्या. चाचणीची नोंद पुसायची राहून गेली.

यादी छापली गेली. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो लांबलचक कागद सगळ्यांच्या टेबलांवर गेला. संध्याकाळी कोचनी मला बोलावलं. कागदावर त्यांचं जाड बोट होतं.

“हा डॉन्डू कोण?”

चूक कबूल करायला मला अर्धा क्षण लागला असता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “तो अजून यायचाय.”

कोचनी माझ्याकडे पाहिलं. कुठलाही खेळाडू आपल्याला माहीत नाही असं त्यांनी उभ्या आयुष्यात कबूल केलेलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. “हं. ऐकलंय मी त्याच्याबद्दल. बरं ऐकलंय.”

विभागाने पुढच्या वर्षी कोणाला घ्यायचं ते आधीच हेरून ठेवलंय, असा सगळ्यांचा समज झाला. आठवड्याभरात सेक्रेटरीने त्या नावाची चुंबकाची पट्टी करून फळ्यावर लावली. सगळ्या कोऱ्या पट्ट्यांमध्ये एकच नाव. गावोगाव फिरून खेळाडू पाहणाऱ्या माणसांपैकी एक म्हणाला, सामोआ बेटांवरचा आहे. दुसरा म्हणाला, नाही, नायजेरियाचा. तिसऱ्याने त्याला खेळताना पाहिलं होतं. त्याच्या कमरेत जोर आहे, असं त्याचं मत पडलं. मी कॉफी पीत ऐकत होतो. आपल्याला काही माहीत नाही हे सांगायची कोणाची तयारी नसली की त्या जागी एक माणूस तयार होऊ लागतो, हे मी डोळ्यांदेखत पाहत होतो. सुरुवातीला गंमत वाटली.

सरळ विचारलं ते एकानेच. सत्तरीला टेकलेला एक म्हातारा होता, चाळीस वर्षं हेच काम करत आलेला. तो मला डॉक म्हणे. मी डॉक्टर झालो नव्हतो हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

“डॉक, हे नाव तुझ्याकडचं वाटतं.”

मी त्याला सगळं सांगितलं. आईची तीन मुलं, धोंडा, बारावा दिवस. आणि का कोण जाणे, बायकोला पाचवा लागलाय हेही सांगितलं. तोवर आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हातारा हसला नाही. डोंगरातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातला होता तो. त्याची आई वर्षाच्या आतल्या मुलाला आरसा दाखवू देत नसे, असं म्हणाला.

“मी आज पुसून टाकतो ते,” मी म्हणालो.

“लावलंयस ना? आता राहू दे.”

घरी बायकोला सांगितलं, हसेल म्हणून. ती हसली नाही. पोळी तव्यावर तशीच राहिली.

“कितव्या फेरीत लिहिलंस?”

“तिसऱ्या.”

तिने पोळी उलटली. मग म्हणाली, “आता काढू नकोस. लावलेलं नाव मध्येच काढत नाहीत. डेट मेच्या मध्यात आहे, तोपर्यंत राहू दे ते तिथे.”

“अगं, तो एक पत्रा आहे.”

“मग पत्र्याला काय फरक पडतो?”

त्या दिवसापासून मी रोज सकाळी खोलीत गेलो की आधी फळ्याकडे बघू लागलो. पट्टी जागेवर असे. मी अंधश्रद्धाळू नाही. घराला कुलूप लागलंय ना हे परत जाऊन बघणारा माणूस चोरांवर श्रद्धा ठेवतो असं आपण म्हणत नाही, एवढंच मी स्वतःला समजावत असे.

मार्चमध्ये टपालाने एक अहवाल आला. खेळाडू पाहून आलेली माणसं भरतात तो छापील फॉर्म. पाकिटावरचा शिक्का पुसट होता, खाली सही नव्हती. खेळाडूचं नाव: DHONDU. सहाही अक्षरं बरोबर, तो एच सुद्धा, जो आमच्याकडे एकालाही उच्चारता येत नव्हता. उंची आणि वजनाच्या जागा कोऱ्या. खाली शेऱ्यांमध्ये टाइप केलेल्या चार ओळी होत्या. त्या मला अजून पाठ आहेत. कडेला एकटा उभा असतो. चालतो हळू, पण पोचतो. नावाने हाक मारली की लगेच वळून बघतो, तेव्हा हाक जपून मारावी. कोणीतरी त्याला घ्यायला हवं.

मी फॉर्म म्हाताऱ्याकडे नेला. त्याने चष्मा लावून दोनदा वाचला.

“थट्टा चांगली आहे,” मी म्हणालो. “पण घरी बायको सात महिन्यांची गरोदर आहे.”

“मी नाही लिहिलं हे, डॉक.” त्याने कागद माझ्याकडे सरकवला. “मला वाटलं, तूच लिहून मला दाखवतोयस.”

फिरतीवर असलेल्या सगळ्यांना मी आडून आडून विचारलं. कोणी हो म्हणालं नाही. कोणीतरी खोटं बोलत असणार, हे उघड आहे. आजही माझं मत तेच आहे. पण तो कागद मी घरी नेला नाही आणि फाडलाही नाही. खणात सर्वांत खाली, पालथा ठेवला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कोचचा आवाज दारातून ऐकू आला. “त्यांना पुढच्या वर्षीचा आमचा तिसरा हवाय. डॉन्डूवाला.” दुसऱ्या एका संघाने विचारणा केली होती. आमचा संघ पहिल्या फेरीत तीन जागा वर सरकणार आणि बदल्यात ती पाळी जाणार. पाळी गेली की फळ्यावरची पट्टी उतरते, ही तिथली रीत होती.

मी आत गेलो. कंप्युटर चालवणारा माणूस न बोलावता आत येतो हे कोचना नवीन होतं.

“ती पाळी देऊ नका,” मी म्हणालो.

“का?”

खरं सांगितलं असतं, तर पट्टी त्याच मिनिटाला उतरली असती. म्हणून मी म्हणालो, “असा दुसरा मिळणार नाही.”

“तू पाहिलंयस त्याला?”

“हो.” यात खोटं काही नव्हतं. दाढी करताना रोज बघत होतो.

“उंच आहे?”

मी माझ्या उंचीत सहा इंच मिळवून सांगितली.

कोच खुर्चीत मागे रेलले. माझ्याकडे त्यांनी इतक्या आस्थेने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. “या खोलीत तू दोन वर्षांत एक मत दिलं नाहीस,” ते म्हणाले. “आणि आज देतोयस. थँक यू.”

मी बाहेर आलो तो आनंदात. बायकोला फोन करून सांगितलं, राहील तो जागेवर. तिने सुस्कारा टाकलेला ऐकू आला. मला एवढं शिक्षण होऊन एक साधी गोष्ट समजली नव्हती. एखाद्या गोष्टीत कुणाचा जीव अडकलाय असं दिसलं की विकणाऱ्याला ती विकावीशी वाटते.

निवडीचा दिवस उजाडला. न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात सगळ्या संघांची टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर आपापल्या गावाशी जोडलेला फोन. सकाळी आठला सुरुवात. आमच्या तळघरात सतरा माणसं टाय लावून बसली होती, कारण कोचच्या मते युद्धाला टाय लागतो. एकेका संघाला पंधरा मिनिटं मिळत. कुणाचं तरी नाव पुकारलं जाई, सेक्रेटरी पट्टी लावी, आणि आमचे सगळे, हे आम्हाला आधीच माहीत होतं, अशा चेहऱ्याने मान हलवत.

नऊच्या पुढे कोचनी दुसरा फोन उचलला. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

“तीन जागांसाठी नाही,” ते म्हणत होते. “पाच. पाच जागा वर, आणि तुमचा पाचव्या फेरीचा पण. आमचा संख्याशास्त्रज्ञ स्वतः जाऊन बघून आलाय त्याला. पूर्वेकडचा माणूस आहे, फार बोलत नाही. माझ्या पाया पडला, देऊ नका म्हणून.” थोडा वेळ ऐकलं. “ठीक. झालं.”

फोन ठेवून त्यांनी सेक्रेटरीला बोटाने खूण केली. ती फळ्याकडे गेली. पट्टी निघताना जो बारीकसा आवाज होतो तो मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. तिने पट्टी टेबलावर ठेवली, आणि त्याच वेळी कोपऱ्यातला तिसरा फोन वाजला. तो कधी वाजत नसे. म्हाताऱ्याने उचलला, ऐकला, आणि माझ्याकडे पाहिलं.

“डॉक. तुझ्या बायकोच्या लॅबमधून आहे. तिला खाली प्रसूतीच्या मजल्यावर नेलंय.”

“अजून तीन आठवडे आहेत,” मी म्हणालो, जणू तो काही करू शकणार होता.

योगायोग. लॅबमधल्या बाईंनी पाच मिनिटं आधी फोन केला असता तर पट्टी फळ्यावर असती आणि मला त्यात काही दिसलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कोट घेताना मी टेबलावरून ती पट्टी उचलली आणि खिशात टाकली. सतरा माणसांपैकी कोणी पाहिलं नाही, कारण टीव्हीच्या पडद्यावर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. म्हाताऱ्याने पाहिलं. त्याने दार उघडून धरलं.

दुपारी मुलगी झाली. दोन्ही हातांत सहज मावेल एवढी. श्वास नीट लागत नव्हता म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बायकोला भूल दिली होती. मी पेटीजवळ उभा राहिलो. नर्स हातात कार्ड घेऊन आली. गोड, घाईतली बाई होती.

“बाळाचं नाव?”

“अजून नाही.”

“काहीतरी लिहायला लागतं,” ती म्हणाली. “जागा रिकामी ठेवता येत नाही.”

मी हे वाक्य आधी एका यंत्राकडून ऐकलं होतं. मी खिशातून पट्टी काढली. पेटी काचेची होती, पण खालचा सांगाडा लोखंडी. पट्टी हातातून ओढल्यासारखी सुटली आणि तिथे जाऊन बसली. नर्सने वाकून वाचली.

“डॉन्डू. मुलीचं असतं का हे नाव?”

“नसतं,” मी म्हणालो. “तेच बरं.”

बायको शुद्धीवर आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न मुलीबद्दल होता आणि दुसरा फळ्याबद्दल. मी म्हणालो, पट्टी जागेवर आहे. कुठल्या जागेवर ते दुसऱ्या दिवशी तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं तेव्हा दिसलं. ती त्या सांगाड्याकडे खूप वेळ बघत राहिली. “विकला त्यांनी?” तिने विचारलं. मी हो म्हणालो. “पट्टी नाही ना विकली,” ती म्हणाली, आणि पेटीच्या गोल भोकातून हात आत घातला.

अकरा दिवस पाळीवरच्या सगळ्या नर्सा माझ्या मुलीला डॉन्डू म्हणत होत्या. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी पेटीतून काढलं, आणि बायकोने वाकून तिच्या कानात खरं नाव सांगितलं. मला ते त्या वेळी ऐकू येऊ दिलं नाही.

मी ती नोकरी त्याच उन्हाळ्यात सोडली. निघताना खणातून तो अहवाल घ्यायला गेलो, तर तो तिथे नव्हता. खोल्या साफ करणारे कागद टाकून देतातच.

एक गोष्ट राहते. पट्टी माझ्याकडे आली, पण पाळी त्या दुसऱ्या संघाकडे गेली होती. पुढच्या एप्रिलमध्ये त्या पाळीला कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं असणार, आणि कोणीतरी वळून बघितलं असणार. तो कोण, किती वर्षं खेळला, पुढे त्याचं काय झालं, हे शोधणं अगदी सोपं आहे. मुलगी आता जर्सी सिटीत राहते, मॅनहॅटनमध्ये नोकरी करते. मी हे सगळं तिला एकदाच सांगितलं. ती इंग्रजीत म्हणाली, “बाबा, दोन मिनिटांचं काम आहे, मी बघते,” आणि फोन हातात घेतला. मी तिचा हात धरला. इतक्या जोरात धरला असेल हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

तिने फोन खाली ठेवला. पट्टी तिच्या फ्रीजवर आहे, विजेच्या बिलाला दाबून. तिच्याकडे गेलो की मी आधी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जातो.